पापडखाराचे हात

नागलीची, म्हणजे नाचणीची, उकड गार झाली की हातची गेली. ती वाफाळती असतानाच मळावी लागते, नाहीतर पापडाच्या कडा फाटतात आणि वाळल्यावर उचलायला गेलं की तुकडे होतात. ज्या बायकांनी हे काम केलंय त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी फक्त पापड खाल्लाय त्यांच्यासाठी आधी काम कसं चालतं ते सांगते, कारण माझ्या हातांचं दुखणं त्या कामातून आलं आणि कामाची रीत बदलल्यावरच आटोक्यात आलं.

आमचा बचत गट नाशिकला पेठ रोडच्या बाजूला आहे. नागली पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून येते. गटातल्या बऱ्याच जणींची माहेरं तिकडचीच, त्यामुळे धान्य पारखायला कुणाला शिकवावं लागत नाही. नागली निवडायची, धुवायची, भिजवून सुकवायची, दळून आणायची आणि पीठ कपड्यातून चाळायचं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं. त्यात मीठ, हिंग, जिरं, तीळ, तिखट आणि पापडखार. उकळी फुटली की पीठ ओतायचं, लाटण्याच्या टोकाने त्यात भोकं पाडायची, झाकण ठेवून वाफ येऊ द्यायची. मग उकड परातीत काढून मळायला घ्यायची. चटका बसतो म्हणून हात पाण्यात बुडवायचा, परत उकडीत घालायचा, परत पाण्यात. मळून झालं की लाट्या करून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून प्रेसने दाबायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या.

मळणाऱ्या बाईचे हात सकाळभर गरम आणि ओले. दुपारी त्याच हातांनी पराती-पातेली घासायची, भांड्यांच्या पावडरने आणि तारेच्या घासणीने, कारण नागलीचा थर वाळला की सहज सुटत नाही. संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाक, पुन्हा भांडी, पुन्हा कपडे.

पूर्वी हा सगळा हंगाम होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंतचा. बाकीचं वर्ष हातांना उसंत मिळायची. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं आणि नागलीला शहरात एकदम मान आला. गंगापूर रोड, कॉलेज रोडची दुकानं बारा महिने पापड मागू लागली. आम्हाला आनंदच झाला, पैसा बारमाही येऊ लागला. पण काम आता थंडीतही आलं. नाशिकची थंडी कशी असते ते निफाडचा पारा किती उतरला या दरवर्षीच्या बातमीवरून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हवा कोरडी, पहाटेचं पाणी बर्फासारखं आणि परातीत उकळती उकड.

पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली कातडी पांढरी पडून सुटायला लागली. मग बोटांची टोकं राठ झाली. साडीवरून हात फिरवला की धागा अडकायचा. लेकीची वेणी घालताना तिचे केस माझ्या बोटांच्या चिरांत अडकायचे आणि ती ‘आई, ओढू नको ना’ म्हणायची. मग अंगठ्याच्या कडेला, नखाच्या शेजारी खोल भेग पडली. भेग दिसायला बारीक असते, पण तिखटाचा हात लागला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत जातात. लिंबू पिळायचं काम मी लेकाकडे दिलं. रात्री हाताला कंड सुटायची आणि खाजवलं की रक्त यायचं.

थंडीत सगळ्यांचेच हात उलतात, असं प्रत्येकजण म्हणालं. कुणी उष्णता म्हणालं, कुणी पित्त, कुणी रक्त खराब झालंय म्हणालं. उन्हाळा आला तरी हात तसेच राहिले, तेव्हा थंडीचं कारण गळून पडलं. औषधाच्या दुकानातून गटातल्या दोघींनी ‘खाजेची ट्यूब’ आणली होती. त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र होतं. चार दिवस बरं वाटायचं, ट्यूब संपली की आधीपेक्षा जास्त फुटायचं. अशा मलमांतली बरीच स्टिरॉइडं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती मिळतात, आणि बायका ती महिनोन्‌महिने लावतात. एकीच्या हाताची कातडी त्यामुळे इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत होत्या. याबद्दल मला अजूनही राग आहे.

दोन गोष्टींनी मला दवाखान्यात नेलं. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. एका बाईंनी पापडाचं पाकीट घेतलं, पैसे देताना त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं आणि त्यांनी पाकीट हळूच परत ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला त्यांचा दोष वाटत नाही, खायच्या वस्तूला फुटलेले हात लागलेले कुणाला आवडतील? दुसरी गोष्ट रेशन दुकानातली. मशीनवर माझा अंगठा उठेना. दुकानदाराने अंगठा रुमालाने पुसायला सांगितला, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. मागे रांग वाढत होती. शेवटी लेकाला घरून बोलावलं, त्याचं नाव कार्डावर आहे म्हणून त्याच्या अंगठ्यावर धान्य मिळालं. कार्डावर दुसरं कुणी नसतं तर रिकामी पिशवी घेऊन परतावं लागलं असतं.

सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. केसपेपर काढून रांगेत बसले. आत मॅडम होत्या. त्यांनी हातांच्या आधी कोपरं, गुडघे, नखं, डोक्याची कातडी आणि पायांचे तळवे पाहिले. हे कशाला, असं मला वाटलं. सोरायसिस हा वेगळा त्वचारोग हातांवर अगदी असाच दिसू शकतो आणि त्याच्या खुणा तिथे सापडतात, असं त्या म्हणाल्या. पायाला बुरशी असेल तर तीही हाताला येऊ शकते. तळव्यावरून थोडी साल खरवडून काचेवर घेतली आणि तपासायला दिली, बुरशी नव्हती.

मग त्यांनी विचारलं, “ताई, हात कधी बरे असतात का?”

या प्रश्नाने सगळं उलगडलं. दिवाळीत काम बंद होतं आणि मी माहेरी गेले होते, तेव्हा भेगा जवळजवळ मिटल्या होत्या. लग्नाच्या गडबडीत सुट्टी घेतली तेव्हाही. कामावर परतले की आठवड्याभरात पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, सुट्टीत बरं आणि कामावर वाईट, ही कामातून आलेल्या त्वचारोगाची सगळ्यात मोठी खूण. लहानपणी कोपराच्या लवणीत खाज यायची का, घरात कुणाला दमा आहे का, हेही विचारलं. मला दोन्ही होतं. अशा माणसाची कातडी मुळातच ओल धरून ठेवायला कमी पडते, त्यामुळे तीच आधी फुटते.

पुढच्या वेळी येताना कामावर हाताला लागणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून आणा, असं त्यांनी सांगितलं. मी पापडखाराचं पाकीट, भांड्यांची पावडर, हात धुवायची वडी, नागलीचं पीठ, मसाला, अगदी प्लास्टिकच्या कागदाचा तुकडासुद्धा नेला. त्यांनी टेबलावर सगळं मांडलं आणि एकेक वाचत गेल्या. आमच्या पापडखारात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट होतं. आपल्या कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो, पीएच पाचच्या आसपास. पीएच म्हणजे आंबट-खारेपणाचं माप, आकडा वाढेल तसा खार वाढतो. साबणाची वडी नऊ-दहाकडे जाते. सोडियम कार्बोनेटचं पाणी अकराच्या घरात पोचतं. पीएचची एकेक पायरी म्हणजे दहापट फरक, हे त्यांनी सांगितलं तेव्हा आकडा साधा वाटेना. वर आणखी एक गोष्ट: बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, उकळत्या पाण्यात पडला की त्यातला काही भाग कार्बोनेट होतो. म्हणजे उकडीच्या पातेल्यात खार आणखी तीव्र होतो. पोटात जाताना तो पिठात विरलेला, अगदी थोडा असतो. हाताला मात्र तो सकाळभर लागत राहतो.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे चरबी असते, ती आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. गरम पाणी, साबण आणि खार ती चरबी धुऊन काढतात. खार कातडीचा आंबटपणाही घालवतो आणि त्या आंबटपणाशिवाय नवी चरबी नीट तयार होत नाही. त्यावर कोरडं पीठ उरलंसुरलं तेल शोषून घेतं, थंडीची हवा ओल उडवते आणि तारेची घासणी राहिलेलं काम करते. यातली एकटी एखादी गोष्ट कदाचित सोसली असती. आमच्याकडे त्या सगळ्या एका दिवसात येतात, रोज येतात आणि भरून यायला रात्र पुरत नाही.

मॅडमनी कागदावर एक हिशेब मांडला. हात दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त ओले असणं, किंवा वारंवार धुवावे लागणं, याला जर्मनीतल्या कामगारांच्या नियमांत ‘ओलं काम’ धरतात आणि तिथे मालकाला काळजी घ्यावी लागते. मी माझा दिवस मोजला. सकाळच्या पहिल्या घाण्यातच मी दोन तास ओलांडत होते.

तरी ॲलर्जी नाही ना, हे पाहायला पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्ट्यांना छोट्या वाट्या लावून त्यांत निरनिराळे पदार्थ ठेवतात: निकेल, क्रोमियमचा क्षार, सुगंधी द्रव्यं, रबरात वापरतात ती रसायनं. पट्ट्या ४८ तासांनी काढतात, एकदा तेव्हा बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी. तोवर पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पाठीवर पाणी न घेता अंघोळ करणं जमतं, घाम न येऊ देता पापड करणं जमत नाही. म्हणून तेवढे दिवस कामाला सुट्टी घेतली, म्हणजे तेवढी मजुरी गेली. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, आधार असतो. बचत गटातल्या बाईने हाताला विश्रांती द्यायची तर ती स्वतःच्या खिशातूनच.

पापडखार मात्र त्यांनी पाठीला लावला नाही. तो कुणाच्याही पाठीवर दोन दिवस बांधून ठेवला तर लाल होणारच, त्यावरून ॲलर्जी कळत नाही. माझ्या पाठीवर फक्त निकेलची जागा उठली. खोट्या कानातल्यांनी माझे कान चिघळायचे त्याचं कारण ते. हातांचं कारण ॲलर्जी नसून दाह आहे, रोजच्या झिजेतून आलेला, हे पक्कं झालं. ही बातमी चांगली, असं मॅडम म्हणाल्या. ॲलर्जी असती तर ती वस्तू कायमची सोडावी लागली असती. दाह असेल तर मारा कमी केला की कातडी सावरते.

इथे आमच्या मावशींचं सांगायला हवं. त्या शेजारच्या गटात कांदा-लसूण मसाला करतात. त्यांचा उजवा हात स्वच्छ, पण डाव्या हाताच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं सोलून निघालेली. मी त्यांना सोबत नेलं. मॅडमनी हात हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “लसूण सोलता का?” पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरतात आणि उजव्या हातात सुरी असते. लसणात डायअ‍ॅलिल डायसल्फाइड नावाचा पदार्थ असतो, त्याची ॲलर्जी होते आणि तो नेहमीच्या बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातो. मावशींची चाचणी लसणाला उठली. त्यांनी सोलणं सोडलं, आता त्या पाकिटं भरतात आणि बोटं भरून आली आहेत. त्यांचं दुखणं आणि माझं दुखणं लांबून सारखंच दिसायचं, पण वाट वेगळी होती. म्हणून शेजारणीचं मलम आपल्याला चालेलच असं धरून चालू नये.

उपचार साधे होते, पण त्यांना चिकाटी लागते. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवायचे, टिपायचे आणि ओल असतानाच औषध लावायचं. स्टिरॉइड ठरलेल्या दिवसांपुरतंच, तेही क्रीम न घेता चिकट मलम, कारण मलमात पाणी नसतं आणि ते फुटलेल्या कातडीवर झोंबत नाही. किती लावायचं तेही मोजून दिलं: नळीतून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी निघालेली पट्टी बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर आणि सुती हातमोजे घालून झोपायचं. दिवसाही हात धुतले की दर वेळी व्हॅसलीन. भेगा असताना युरियाचं क्रीम लावू नका, झोंबेल, भेगा मिटल्यावर लावा, असं सांगितलं. साबणाची वडी बंद, त्याऐवजी बिनसुगंधी सौम्य हात धुवायचं लिक्विड. गरम पाणी बंद.

सासूबाई कोकमाच्या तेलाची वडी वितळवून भेगांत घालायच्या. मी ते मॅडमना घाबरत घाबरत विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल लावा, तो घट्ट होणारा स्निग्ध पदार्थ आहे, भेगेवर थर धरतो. फक्त कढत ओतू नका. माहेरी मोहाच्या बियांचं तेल लावतात, तेही चालेल म्हणाल्या. लिंबू-साखर चोळणं, हळद-मीठ, डेटॉलचं पाणी, हे मात्र फुटलेल्या हाताला अजिबात नको. सासूबाईंना हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या दिवसभर खूश होत्या.

पण खरी अडचण रात्रीची नव्हतीच. दिवसा उकड मळताना हाताला काय लावायचं? व्हॅसलीन लावलेला हात पिठात घालता येत नाही, ते खाण्यात जातं. सुगंधी क्रीमचा तर प्रश्नच नाही. नागलीचा पापड वास धरतो आणि तळताना तो वर येतो. बऱ्याच ठिकाणी सल्ला दिलेला असतो, ‘कामाच्या वेळी मॉइश्चरायझर लावा’. तो सल्ला देणाऱ्याने अन्नात हात घातलेला नसतो. मॅडमना मी हे सांगितलं आणि त्या थोडा वेळ थांबल्या. मग आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. पिठाला हात लावायच्या आधी आम्ही खायचंच तेल लावतो, खोबरेल किंवा शेंगदाण्याचं. ते उकडीत गेलं तरी काही बिघडत नाही, उलट पापडाला थोडं तेल लागतंच. घाणा संपला, हात धुतले, आता पुढचा तास पाकिटांवर लेबलं चिकटवायची, की तेव्हा व्हॅसलीन. पुन्हा पिठाकडे जाताना हात धुवायचे. म्हणून आम्ही कामंच अशी लावली की एकदा पिठातून बाहेर आलेली बाई त्या दिवशी शक्यतो परत पिठात जात नाही.

हातमोज्यांवर आम्ही फार वेळ घालवला. औषधाच्या दुकानातले पातळ रबरी हातमोजे उकडीने तापतात आणि आत घामाचं डबकं होतं, म्हणजे ओलं काम चालूच. स्वयंपाकघरातले जाड हातमोजे घातले तर उकडीचा अंदाज येत नाही; ती किती मऊ झाली, गाठ कुठे राहिली, हे बोटालाच कळतं. शेवटी आत पातळ सुती आणि वर नायट्राइल या कृत्रिम रबराचा हातमोजा, असं जमलं. सुती हातमोजा घाम टिपतो, चटकाही कमी बसतो. तो ओला झाला की बदलायचा, साधारण अर्ध्या तासाने. नायट्राइलचे निळे घेतले, कारण नागलीच्या तांबूस पिठात निळा तुकडा पडला तर लगेच दिसतो. गोळे कॉलनीत औषधांच्या घाऊक दुकानांत शंभराची खोकी मिळतात, किरकोळीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. भांड्यांना मात्र जाडच हातमोजे, आणि पापडखार पाण्यात घालायला लांब दांड्याचा डाव. बोटांनी चिमूट घ्यायची नाही. अंगठ्या कामाआधी काढून पदराच्या गाठीत. अंगठीखाली खाराचं पाणी आणि पीठ साचून राहतं आणि तिथूनच सुरुवात होते. बांगड्यांबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

गटात हे सगळं मांडणं सोपं गेलं नाही. मी बैठकीत हात टेबलावर ठेवून दाखवले, तेव्हा आधी शांतता झाली. मग एकीने तिचे दाखवले, मग दुसरीने. बऱ्याच जणी ते लपवत होत्या. अन्नाच्या परवान्याच्या नियमांत उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्या माणसाने अन्न हाताळू नये असं आहे. नियम बरोबर आहे. पण त्यामुळे बाई हात दाखवायला घाबरते, कारण हात दाखवला की काम जाईल. आम्ही त्याच दिवशी ठरवलं: ज्याच्या हाताला भेग आहे त्याने सांगायचं, त्याला पिठातून काढून चाळणी, वजन, पाकिटं, हिशेब यावर लावायचं आणि मजुरी तीच राहील. यावर वाद झाला. मळणं जास्त कष्टाचं, मग मजुरी सारखी का, असं दोघींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. शेवटी मळायची पाळी सगळ्यांनी आलटून-पालटून घ्यायची असं ठरलं, म्हणजे कष्टही सारखे आणि झीजही.

पीठ मळायचं मशीन घ्यायला हवं हे त्याच बैठकीत निघालं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळू शकत होतं. कागदपत्रांना वेळ लागला, पण मशीन आलं. पहिल्या घाण्याचे पापड फाटले, कारण मशीनचं भांडं गार होतं आणि उकड आत पडताच निवली. आता आधी उकळतं पाणी घालून भांडं तापवतो, पाणी ओतून देतो आणि मगच उकड टाकतो. शेवटचे चार हात अजूनही परातीतच मारावे लागतात, पण तोवर उकड हाताला सोसवेल इतकी निवलेली असते आणि सकाळभराचं मळणं थोडक्यात उरकतं.

माझ्या हातांचं म्हणाल तर खाज आधी गेली, मग भेगा मिटल्या, राठपणा सगळ्यात शेवटी. भेगा मिटल्या की माणूस मलम सोडतो, आणि मॅडमनी इथेच बजावून ठेवलं होतं: वरून बरी दिसणारी कातडी आतून कच्ची असते, तिला पूर्ण सावरायला महिने लागतात, तोवर व्हॅसलीन आणि हातमोजे सोडायचे नाहीत. मी सोडले नाहीत. गेल्या थंडीत अंगठ्याची कड एकदा ताणली गेली, दोन दिवस मी पाकिटांवर बसले, भेग पडली नाही. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा आता उठतो. कधी दुसऱ्या प्रयत्नात, पण उठतो. बोटांच्या रेषा कातडीबरोबर पुन्हा भरून येतात.

जिचे हात कामावर फुटतात आणि सुट्टीत मिटतात, तिने थंडी संपायची वाट बघू नये एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. केसपेपर काढावा आणि जाताना कामावरच्या वस्तू पिशवीत घालून न्याव्यात. भेगेतून पू आला, हात सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी जावं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हातमोजे, सुती मोज्यांचे जोड, व्हॅसलीन, हात धुवायचं लिक्विड, हे आतापर्यंत आम्ही स्वतःच्या वाट्यातून काढत होतो. यंदा उन्हाळ्याच्या ऑर्डरचा दर काढताना नागली, तीळ, गॅस, वीज यांच्याखाली ‘हात’ असा एक रकाना वहीत घातला आणि तो खर्च किलोमागे धरला. दोन दुकानदारांनी नवा दर मान्य केला. तिसरा जुन्याच दरावर अडून आहे. त्याला वही दाखवायला मी आणि आमच्या अध्यक्ष ताई सोमवारी जाणार आहोत.